मागे राहिलेला ससा

मुलांनो, एक प्रश्न विचारू? ससा रडतो का?

हा प्रश्न खरं तर माझा नाही. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचा आहे. एप्रिल महिना होता. ऊन वाढल्यामुळे शाळा सकाळची झाली होती. मी हजेरी घेत होते, तर वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी नाव पुकारलं तरी गप्प. मधल्या सुट्टीत तिने डबाही उघडला नाही. जवळ बोलावून विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "बाई, ससा रडतो का हो? आमच्या कापशीच्या डोळ्यांत पाणी नाही, पण ती कालपासून काही खातच नाही."

आमचं नारपोली म्हणजे भिवंडीतला गजबजलेला भाग. एकीकडे यंत्रमागांचे कारखाने, दुसरीकडे मालाची गोदामं. रात्रंदिवस मागांची खटखट चाललेली. नवा पाहुणा पहिल्या रात्री झोपूच शकत नाही आणि आम्हाला मात्र ती खटखट थांबली तरच जाग येते! अशाच एका चाळीतल्या दोन खोल्यांत कापशी आणि चिंगी या दोन सशा-बहिणी राहत होत्या. कापशी पांढरीशुभ्र, चिंगी तपकिरी. एकाच वेताच्या, एकत्र वाढलेल्या. एकीने पाय ताणले की दुसरीने ताणायचे, एकीने कोथिंबिरीची काडी धरली की दुसरीने दुसऱ्या टोकाने कुरतडायला सुरुवात करायची.

"आणि चिंगी कुठे आहे?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, तिला गावाला पाठवलं. पण बाई, रात्री सशाला घेऊन गावाला कोण जातं?"

मुलं किती बारीक विचार करतात पाहा!

उन्हाने घात केला

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. पत्र्याचं छप्पर, पंखा बंद, आणि पिंजरा नेमका उन्हाच्या झळा येणाऱ्या दाराशी. संध्याकाळी पाहिलं तर चिंगी तोंड उघडून धापा टाकत होती. थोड्या वेळाने ती गेलीच. मुलगी झोपल्यावर वडिलांनी चिंगीला एका फडक्यात गुंडाळलं आणि चाळीमागच्या मोकळ्या जागेत पुरून टाकलं. "पोरीला बघवलं नसतं हो बाई," आई म्हणाली.

त्यामागे माया होती, यात शंका नाही. पण दोन गोष्टी राहून गेल्या. मुलीला खरं कळलं नाही, आणि कापशीलाही कळलं नाही. काल दुपारपर्यंत अंगाला अंग लावून बसणारी बहीण अचानक नाहीशी कशी झाली? कापशीच्या दृष्टीने चिंगी मेलेली नव्हती. ती हरवली होती.

कापशी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून बसली होती. समोर गाजर, बिस्किट, पोळीचा तुकडा. सगळं जसंच्या तसं. मी तिच्या आईला विचारलं, "लेंड्या कधी दिसल्या?" आई आठवू लागली. "काल सकाळी झाडलं होतं... त्यानंतर नाहीच दिसल्या."

हे ऐकून मात्र माझ्या छातीत धस्स झालं. माझ्या माहेरी ससे होते, त्यामुळे एवढं मला ठाऊक होतं. रात्रपाळी करून झोपलेल्या तिच्या वडिलांना उठवलं. रिक्षा केली आणि टोपलीत ओलसर फडकं घालून कापशीला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं.

सशाचा उपास म्हणजे संकट

कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण म्हणतो, उद्या जेवेल. सशाच्या बाबतीत असं म्हणून चालत नाही. का, ते डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं.

सशाचं पोट म्हणजे सतत चालू असलेला माग समजा. त्यात गवताचा धागा सारखा पडत राहायला हवा. ससा दिवसभर थोडंथोडं खातो आणि दिवसभर लेंड्या टाकतो. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो, पोट दुखतं, आणि पोट दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला उलटीही करता येत नाही. म्हणून दहा-बारा तास सशाने काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायला हवा. सोबती गेल्याच्या दुःखात मागचा ससा दगावतो असं लोक म्हणतात, त्यामागचं खरं कारण पुष्कळदा हे असतं. दुःखाने खाणं सुटतं आणि खाणं सुटल्याने जीव धोक्यात येतो.

डॉक्टरांनी कापशीचं पोट चाचपून पाहिलं, दात पाहिले. सशाला २८ दात असतात आणि ते आयुष्यभर वाढत राहतात बरं का! गवत चघळूनच ते झिजतात. मग कातडीखाली सलाईनचं पाणी दिलं, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं. आतडं कुठे अडलेलं नाही ना, याची खात्री केल्यावर सुई नसलेल्या सिरिंजने पातळ खाऊ कसा भरवायचा, तेही शिकवलं. आणि बजावलं, "माणसांची औषधं मनाने देऊ नका. आपली काही साधी प्रतिजैविकं सशाच्या पोटात गेली तर त्याच्या जिवावर बेततं."

दुसऱ्या दिवशी पहाटे चार लेंड्या पडल्या. मुलीने त्या मोजल्या आणि वर्गात येऊन मला सांगितल्या. सगळा वर्ग हसला, पण आम्हा दोघींना ठाऊक होतं, ही हसण्यावारी नेण्याची बातमी नव्हती!

गोष्टीतला ससा आणि घरातला ससा

आता तुम्ही विचाराल, सशाला सोबतीचं एवढं काय? गोष्टींमधला ससा तर एकटाच असतो. एकटा कासवाशी शर्यत लावतो, एकटा सिंहाला विहिरीपाशी नेतो.

त्याचं उत्तर असं, की ते दोन वेगवेगळे प्राणी आहेत. आपल्या माळरानावर दिसतो तो रानससा. तो उघड्यावर, गवतात बसण्यापुरती जागा करून राहतो आणि बहुतेक वेळ एकटा असतो. त्याची पिल्लं जन्मतःच लव असलेली आणि उघड्या डोळ्यांची. त्याला पकडणं किंवा पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा. घरी पाळतात तो ससा मूळचा युरोपातला, स्पेनकडचा. त्याचे पूर्वज जमिनीखाली बिळांची वसाहत करून कुटुंबकबिल्यासह राहत. त्याची पिल्लं उघडीनागडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. एकाने धोका ओळखून मागचे पाय जमिनीवर आपटले की बाकीचे सावध होतात. सोबत असली की त्यातला प्रत्येक जण निर्धास्तपणे खाऊ शकतो, झोपू शकतो. म्हणून चिंगी गेली तेव्हा कापशीची नुसती मैत्रीण गेली नाही, तिचा पहारेकरीही गेला.

सोबत्यावाचून झुरणं फक्त सशांमध्ये दिसतं असं नाही. पाकिस्तानात इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात कावन नावाचा हत्ती होता. त्याची जोडीदार सहेली २०१२ साली मेली. त्यानंतर आठ वर्षं तो एकटाच होता, एकाच जागी उभा राहून सारखं डोकं हलवत राहायचा. जगभरच्या लोकांनी त्याच्यासाठी आवाज उठवला. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला विमानाने कंबोडियातल्या अभयारण्यात नेलं, आणि तिथे त्याने दुसऱ्या हत्तीच्या सोंडेला सोंड लावली. स्वित्झर्लंडमध्ये तर गिनीपिगसारखा कळपातला प्राणी एकटा पाळायचा नाही, असा नियमच २००८ साली झाला.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात सारस पक्षी जोडीने शेतात फिरताना दिसतात. एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, असं लोक सांगतात. दरवेळी तसं होत नाही. मागे राहिलेला सारस पुढे नवी जोडी जमवूही शकतो. दुःख खरं असतं आणि त्यातून सावरणंही खरं असतं.

निरोप घेऊ द्या

डॉक्टरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून तिचे बाबा जरा वेळ गप्पच झाले. ते म्हणाले, एक ससा गेला की त्याचं शरीर लगेच उचलून नेऊ नये. मागे राहिलेल्या सशाजवळ ते एक-दोन तास ठेवावं. तो येऊन वास घेईल, नाकाने ढोसेल, कदाचित चाटेल, शेजारी बसेल. कदाचित ढुंकूनही पाहणार नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण सशाला जग कळतं ते बरंचसं नाकाने. वासावरून त्याला उमगतं, की हा आता उठणार नाही. असा निरोप मिळाला की पुष्कळदा ससा सोबत्याला शोधत फिरायचं थांबवतो.

मात्र सोबती साथीच्या रोगाने गेला असेल, तर असं मुळीच करू नये. मृत्यूचं कारण माहीत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मागच्या सशालाही तपासून घ्यावं, कारण दोघांनी एकच चारा खाल्लेला असतो, एकाच जागी दिवस काढलेले असतात.

कापशीला ही संधी मिळाली नव्हती. मग काय करायचं? चिंगी उन्हाने गेली होती, रोगाने नाही. त्यामुळे तिच्या अंगाखालचं पोतं धुवायला टाकलं नव्हतं, ते कापशीजवळ ठेवलं. कापशी त्यावर नाक खुपसून बसायची. आठवड्याभराने तीच त्यावरून उठून दुसरीकडे बसायला लागली. तेव्हा आईने पोतं धुतलं.

आजीची मेथी

घरी आल्यावर कापशीचं खरं औषधपाणी कोणी केलं असेल, तर तिच्या आजीने. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आजीला पूर्वी ससे अजिबात आवडत नसत. "घाण करतात मेले," म्हणायची. पण त्या दिवसांत ती रोज दुपारी पिंजऱ्याचं दार उघडून शेजारी चटई टाकायची आणि भाजी निवडत बसायची. कापशीला उचलायची नाही, बोलवायचीही नाही. नुसती बसायची. मेथीची एखादी काडी मधूनच चटईच्या कडेला ठेवायची. तिसऱ्या दिवशी कापशी बाहेर आली. पाचव्या दिवशी तिने आजीच्या पायाला अंग टेकलं.

मी विचारलं, "आजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तर म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? ह्यांच्यामागे मला तरी काय हवं होतं? सारखं समजावणारी माणसं नको होती. कोणीतरी शेजारी बसायला हवं होतं."

तुमच्या घरी अशी वेळ आली तर

मुलांनो, ही यादी वहीत उतरवून ठेवा.

१. सोबती गेल्यावर पहिले काही दिवस खाणं, पाणी आणि लेंड्या यांवर नजर ठेवा. सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलंत तर उत्तम. ससा काही लेंड्या स्वतःच खातो. शी म्हणू नका! त्या मऊ, खास लेंड्या असतात आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

२. खाण्याची वेळ, पिंजऱ्याची जागा, भांडी बदलू नका. एक मोठा बदल झालाय, तेवढा पुरे.

३. बिस्किट, पोळी, भात, मिठाई नको. गाजरसुद्धा गोड असतं, तुकडाभरच द्या. ताजं आणि वाळलेलं गवत हेच खरं अन्न. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे हरळी, ससे आनंदाने खातात. मात्र रस्त्याकडेची, धूर-तेलाने माखलेली नको.

४. जवळ जमिनीवर बसा. कपाळावरून हळूच हात फिरवा. कान धरून तर कधीच उचलू नका. दात हलकेच वाजले तर समजा, स्वारी खूश आहे. पण अंग आखडून दात करकर वाजवत असेल तर ते दुखण्याचं लक्षण.

५. कोणी ससा कोपऱ्यात बसतो, कोणी उलट चावरा होतो, कोणी सारखा मागे मागे फिरतो. रागावू नका. आणि एखादा अगदी नेहमीसारखा वागला, तर त्याला माया नव्हती असंही म्हणू नका.

६. आमच्या भिवंडीकरांसाठी खास सूचना. कारखान्यातले सुताचे तुकडे मऊ असतात म्हणून पिंजऱ्यात अंथरू नका. ससा ते खातो आणि आतडं अडतं. अंथरायला गवत किंवा साधा कागद बरा.

७. उन्हाळ्यात पिंजरा सावलीत, वारा येईल तिथे हवा. गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. ससा धापा टाकू लागला तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि तडक डॉक्टरांकडे न्या. त्याला पाण्यात बुडवू नका.

डॉक्टर शोधतानाही आधी विचारा, की ते सशांवर उपचार करतात का. मुंबई परिसरातल्या लोकांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय ठाऊक असतं. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी १८७४ साली मुंबईत जी संस्था निघाली, तिचं हे रुग्णालय. मुक्या जीवांसाठी दवाखाना हवा, हे आपल्याकडच्या लोकांनी इतक्या वर्षांपूर्वी ओळखलं होतं!

लगेच नवा ससा आणायचा का?

तिचे बाबा दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवा ससा आणायला निघाले होते. डॉक्टरांनी थांबवलं. ससे अनोळखी सशाला पटकन स्वीकारत नाहीत. एकदम एका पिंजऱ्यात कोंडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. शिवाय नर-मादी असतील तर महिन्याभरात पिल्लं! सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते. आणि नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षंही जगतो. म्हणजे चौथीतल्या मुलीने घेतलेला ससा ती कॉलेजात जाईपर्यंत सांभाळावा लागणार. बाजारातून घेण्याआधी हा हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून करायला हवा.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, जूनमध्ये, कामतघरच्या एका घरातून निरोप आला. त्यांना घर बदलायचं होतं आणि त्यांचा एकटा ससा कोणीतरी न्यायला हवा होता. गुळाच्या रंगाचा, म्हणून नाव गुळ्या. दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, काही आजार नाही ना ते पाहायला. डॉक्टरांनी त्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. त्यानंतरही महिन्याहून जास्त दिवस दोघांचे पिंजरे वेगळे, पण शेजारी-शेजारी. अंथरूण मधूनमधून अदलाबदल करायचं, म्हणजे वासाची ओळख होते. मग दोघांनाही नव्या असलेल्या जागेत, म्हणजे शेजाऱ्यांच्या ओट्यावर, रोज थोडा वेळ समोरासमोर. पहिल्या दिवशी कापशीने पाय आपटले. चौथ्या दिवशी तिने गुळ्याकडे पाठ केली. आम्हाला वाटलं, जमत नाही बहुतेक.

गणपतीत मी त्यांच्या घरी दर्शनाला गेले. आजी दूर्वांच्या जुड्या बांधत होत्या. उरलेली हरळी चटईवर पडली होती. एका काडीचं एक टोक कापशीच्या तोंडात होतं आणि दुसरं गुळ्याच्या.

मुलगी मात्र दोघांकडे पाहत नव्हती. "बाई, चिंगीला कुठे पुरलंय ते बाबांनी मला दाखवलं," ती म्हणाली. "मी तिथे रोज नाही जात. पण कुठे आहे ते माहीत आहे ना, म्हणून बरं वाटतं."

पालकहो, ही शेवटची ओळ तुमच्यासाठी. एप्रिलमध्ये ठाण्याहून परतताना रिक्षातच बाबांनी तिला खरं सांगितलं होतं. ती खूप रडली. पण घरी आल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.